डावीकडे लागतो, उजवीकडे नाही!

भाच्याने जुन्या मोटारसायकलच्या मीटरमधले पिवळट बल्ब काढून एलईडी बसवले. स्पीडोमीटर लख्ख उजळला, पण इंडिकेटरचा हिरवा दिवा डावीकडे वळताना लुकलुकायचा आणि उजवीकडे वळताना ढिम्म. त्याने एलईडी होल्डरमध्ये उलटा खोचून पाहिला, तर आता उजवीकडे चालू, डावीकडे बंद! गॅरेजवाल्याचं निदान तयारच होतं: "माल डुप्लिकेट आहे."

माल चांगला होता. एलईडी हा डायोड. त्यातून वीज एकाच दिशेने जाते, हे शाळेत शिकलोय. पण गाडीत बॅटरी असताना दिशा बदलते कुठे? गंमत इथेच आहे.

अनेक जुन्या गाड्यांच्या मीटरमध्ये दोन्ही बाजूंना मिळून एकच दिवा असतो आणि त्याला स्वतःचं अर्थिंगच, म्हणजे बॅटरीकडे परत जाणारी वायरच, नसतं. त्याची एक वायर डाव्या इंडिकेटरला जाते, दुसरी उजव्या. डावं बटण दाबलं की वीज डावीकडून मीटरच्या दिव्यात शिरते आणि उजव्या बाजूच्या बल्बांमधून चॅसीला, म्हणजे बॅटरीला जोडलेल्या गाडीच्या सांगाड्याला, पोचते. उजवं दाबलं की बरोब्बर उलट. साध्या बल्बला दिशेचं सोयरसुतक नाही, एलईडीला आहे.

मग डावं बटण दाबल्यावर उजवे बल्बही का पेटत नाहीत? हिशेब करू. १२ व्होल्ट, १० वॅटचा बल्ब पेटलेला असताना त्याचा रोध साधारण १४ ओहम असतो. थंड फिलामेंटचा रोध मात्र त्याच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास, आणि असे दोन बल्ब समांतर, म्हणजे जेमतेम ०.७ ओहम. मीटरचा दिवा १.७ वॅटचा धरला तर पेटल्यावर त्याचा रोध ८५ ओहम. १२ व्होल्टपैकी जवळजवळ सगळे तोच गिळतो. उजव्या बल्बांच्या वाट्याला येतो सुमारे ०.१ व्होल्ट. त्यावर काय पेटणार? ते नुसतेच वायरचं काम करतात. एका दिव्याची अख्खी वायर वाचवणाऱ्या त्या अनाम इंजिनिअरला माझा नमस्कार!

चारही इंडिकेटर एलईडी केले की ही युक्ती पार कोलमडते. मीटरमधल्या दिव्यातून झिरपणारी वीज पलीकडच्या एलईडींना पुरते आणि डावं बटण दाबलं तरी चारही बाजू लुकलुकतात. भाच्याच्या गाडीत पुढे तेच झालं. हँडलला शनिवारी टांगलेल्या लिंबू-मिरचीचाही काही उपयोग झाला नाही. 'एलईडीने मायलेज वाढतं' ही जाहिरातही त्याच पंगतीतली. मीटरमधले दोनचार वॅट वाचले म्हणून पेट्रोलच्या बिलात काय फरक पडणार?

उपाय स्वस्त आहे. १एन४००७ नावाचे दोन डायोड घ्यायचे, एक डाव्या वायरीत, एक उजव्या. चंदेरी पट्टीची बाजू मीटरच्या दिव्याकडे. दोन्ही डायोड जिथे मिळतात तिथे एलईडीचं पॉझिटिव्ह टोक जोडायचं आणि दुसरं टोक सरळ अर्थला. आता वीज कुठूनही आली तरी दिव्यात एकाच बाजूने शिरते, आणि पलीकडे जायला वाटच उरत नाही.

भाच्याने रविवारी सोल्डरिंग केलं. दिवा दोन्हीकडे लागला, पण पार फिकट. हिरव्या टोपीमागे त्याने हौसेने लाल एलईडी खोचला होता. हिरवी टोपी लाल प्रकाश गिळते. सोमवारी हिरवा आणला.