सहा पाकळ्या, दोन पाकळ्या आणि दुरुस्तीचा हक्क

बीएमडब्ल्यूने एका नव्या स्क्रूच्या पेटंटसाठी केलेला अर्ज 2025च्या डिसेंबरमध्ये बातम्यांत आला. स्क्रूच्या डोक्यावर कंपनीचं गोल बोधचिन्ह; त्याच्या चार भागांपैकी समोरासमोरचे दोन खोल, दोन सपाट. रूढ हत्यारांनी अनधिकृत माणसाला हा स्क्रू फिरवता येऊ नये, असा हेतू अर्जातच मांडला आहे. पेटंट मागितलं म्हणजे स्क्रू गाडीत बसलाच असं नाही. पण "कंपनीनं केलंय म्हणजे त्यात काहीतरी इंजिनिअरिंग असणारच" हा समज तपासायला हवा. खाचेचा आकार बदलायला खरोखर चांगली कारणं असतात, आणि ती बलांच्या हिशेबात दिसतात.

1936 मध्ये कॅडिलॅकच्या कारखान्यात फिलिप्सचा फुलीचा स्क्रू आला. त्याच्या खाचेच्या भिंती आत निमुळत्या होत जातात. त्यामुळे जोर वाढला की बीट, म्हणजे पेचकसचं टोक, वर ढकललं जातं आणि घसरतं. ऍलनच्या षटकोनी खाचेत बीट वर येत नाही, पण तिथे अडचण दुसरी आहे. बीट भिंतीवर जो रेटा देतं, तो घर्षण सोडलं तर भिंतीला काटकोनात असतो. या रेट्याचे दोन भाग पडतात: एक स्क्रू फिरवतो, दुसरा खाच बाहेरच्या बाजूला फाकवतो. फिरवण्याची दिशा आणि रेट्याची दिशा यांतला कोन षटकोनात सुमारे 60 अंश असतो. म्हणजे फिरवणारा भाग कोज्या 60, फक्त 0.5, फाकवणारा भाग ज्या 60, म्हणजे 0.87. निम्म्याहून जास्त ताकद खाच बिघडवण्यात जाते. ऍलन बोल्टची खाच "गोल होते" ती यामुळे.

1967 मध्ये कॅमकार टेक्स्ट्रॉनने सहा पाकळ्यांची टॉर्क्स खाच काढली आणि हा कोन 15 अंशांवर आणला. आता फिरवणारा भाग 0.97, फाकवणारा 0.26. तेवढ्याच टॉर्कसाठी, म्हणजे फिरवण्याच्या जोरासाठी, खाच फाकवणारं बल षटकोनाच्या तुलनेत साडेसहा पटींनी कमी. पुढे टॉर्क्स प्लसमध्ये कोन शून्यावर आला. सुरुवातीला टॉर्क्सचीही बीटं सहज मिळत नव्हती, पण त्या बदलाच्या मोबदल्यात बोल्टला खरंच काहीतरी मिळालं.

हाच हिशेब बोधचिन्हाच्या स्क्रूला लावू. त्याच्या भिंती मध्यापासून त्रिज्येच्या दिशेने जातात, म्हणून फाकवणारं बल जवळजवळ नाही. हे श्रेय द्यायलाच हवं. पण एका दिशेला फिरवताना भार घेणाऱ्या भिंती दोनच. 25 न्यूटन-मीटर टॉर्क 4 मिमी त्रिज्येवर द्यायचा तर एकूण 6250 न्यूटन लागतात. सहा पाकळ्यांत प्रत्येकीवर 1040 येतात. दोन भिंतींत प्रत्येकीवर 3125, म्हणजे सव्वातीनशे किलोच्या आसपासचं वजन एका छोट्या कडेवर. शून्य कोन टॉर्क्स प्लसमध्ये आधीच मिळतो, तोही सहा पाकळ्यांसह. उरतो एकच फायदा: पाना दुसऱ्याकडे नसणं. चोरीपासून संरक्षण म्हणावं, तर मध्ये खुंटी असलेल्या "सिक्युरिटी" टॉर्क्सची बीटंही कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळतात; खास खाच चोराला फार काळ थांबवत नाही.

भारतात हा प्रश्न सुट्या भागांच्या वाटेने आला. स्पर्धा आयोगाने ऑगस्ट 2014 मध्ये 14 कार कंपन्यांना मिळून 2544.65 कोटी रुपयांचा दंड ठोठावला, कारण सुटे भाग आणि निदानाची साधनं बाहेरच्या गॅरेजना मिळत नव्हती. दंड अपिलात गेला, पण मुद्दा स्पष्ट झाला. डिसेंबर 2022 मध्ये ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टल सुरू केलं. त्यात वाहनंही आहेत. माझ्या मते स्क्रूचं बीट हे निदानाच्या साधनाइतकंच "साधन" आहे, आणि नियमात ते नावानिशी यायला हवं.

हक्क मिळाला तरी चुकीच्या बीटाने काम बिघडतंच. टी25 आणि टी27 या टॉर्क्सच्या मापांत साधारण अर्ध्या मिलिमीटरचा फरक. टी27च्या खाचेत टी25 "बसतं", आणि पाकळ्यांची टोकं खाऊन टाकतं. आधी टोकदार सळईने खाचेतली माती काढा, बीट हातोडीने हलकं ठोकून तळाला टेकवा, मग रॅचेट लावा. जपानी बनावटीच्या दुचाकींवर फुलीच्या स्क्रूच्या डोक्यावर बारीक ठिपका दिसला, तर तो जेआयएस, म्हणजे जपानी औद्योगिक मानकाच्या, प्रकारचा आहे. फिलिप्स बीट त्यात तळाला टेकत नाही आणि घसरतं. जेआयएस बीट वेगळं मिळतं. बीट आणि खाच यांच्या मध्ये रबरबँड धरण्याची व्हिडिओतली युक्ती बारीक स्क्रूला चालते, 20 न्यूटन-मीटरने आवळलेल्या बोल्टला नाही.

सीट काढताना खाली पिवळा कनेक्टर असेल तर तो एअरबॅगचा. बॅटरीची निगेटिव्ह तार काढून मॅन्युअलमधला वेळ थांबल्याशिवाय त्याला हात लावू नका.

चाकाच्या नटांचं तर वेगळंच. नव्या गाडीला लिंबू-मिरची बांधणारे बरेच असतात, पण नट सैल होणं थांबतं ते योग्य टॉर्कने. छोट्या कारला बहुधा 100 न्यूटन-मीटरच्या आसपास; नेमका आकडा मॅन्युअलमध्ये पाहा. नट आधी हाताने तीन-चार आटे फिरवा, तिरपा गेला तर तिथेच कळतं. मग समोरासमोरचे आळीपाळीने आवळा, आणि 80-100 किमी चालवल्यावर टॉर्क रेंचने पुन्हा तपासा. आट्यांना ग्रीस लावू नका: टॉर्कचा सुमारे नऊ-दशांश भाग घर्षणातच खर्च होतो, घर्षण घटलं की त्याच आकड्याला बोल्ट कितीतरी जास्त ताणला जातो आणि तुटू शकतो.