लेझरने केस काढणे: गोऱ्या कातडीसाठी जन्मलेलं तंत्र आणि आपला गव्हाळ रंग

माझी भाची लातूरला शिकायला आहे. हनुवटीवर राठ केस येतात, म्हणून दर पंधरा दिवसांनी थ्रेडिंग, आणि बाहेर पडताना नाकापर्यंत स्कार्फ. लेझरचं मनात होतं, पण ओळखीच्या एका मुलीच्या गालावर पार्लरमधल्या मशीनने पडलेले काळसर चौकोनी डाग तिने पाहिले होते. असे डाग का पडतात, हे कळायला जरा मागे जावं लागतं.

केस मुळातून नष्ट करण्याची विजेची सुई १८७५ सालची. अमेरिकेतल्या सेंट लुईसचे नेत्रतज्ज्ञ चार्ल्स मिशेल यांनी ती डोळ्यात टोचणाऱ्या पापणीच्या केसांसाठी वापरली. एका वेळी एकच केस! १६ मे १९६० रोजी थिओडोर मेमन यांनी माणकातून पहिला लेझर काढला आणि पुढच्या काही वर्षांत त्वचारोगतज्ज्ञ लिऑन गोल्डमन त्याचा त्वचेवरचा परिणाम तपासू लागले. खरी किल्ली सापडली १९८३ मध्ये. अँडरसन आणि पॅरिश या संशोधकांनी मांडलं की नेमक्या तरंगलांबीचा प्रकाशझोत अगदी क्षणभर सोडला, तर ठरावीक रंगाचा भागच तापतो, शेजारचा वाचतो. केसांत तो रंग म्हणजे मेलॅनिन.

अडचण इथेच आहे. १९९० च्या दशकातला रुबी (माणकाचा) लेझर ६९४ नॅनोमीटर तरंगलांबीचा. गोरी कातडी, काळा केस, तिथे तो चालला. आपल्या गव्हाळ-सावळ्या त्वचेत मेलॅनिन वरच्या थरातही भरपूर असतं. झोत केसापर्यंत पोचण्याआधी वरच अडतो, कातडी भाजते, मग डाग. १०६४ नॅनोमीटरचा एनडी-याग लेझर खोल जातो आणि वरच्या मेलॅनिनमध्ये कमी शोषला जातो, म्हणून सावळ्या रंगाला तो जास्त सुरक्षित. डायोड नावाचा लेझरही चालतो, पण सेटिंग आणि थंडावा नीट हवा. दर विचारण्याआधी मशीन कोणतं आणि चालवणार कोण, हे विचाराच.

अमेरिकेच्या एफडीएने (औषधं आणि वैद्यकीय उपकरणांना मंजुरी देणारी सरकारी संस्था) यासाठी वापरलेला शब्द 'कायमस्वरूपी घट' असा आहे. केस कायमचे जातील असं ती म्हणत नाही. वाढीच्या अवस्थेतल्या केसावरच लेझर नीट लागू पडतो, म्हणून चार ते आठ आठवड्यांच्या अंतराने सहा-आठ बैठका लागतात. पांढऱ्या केसावर उपयोग नाही. पीसीओडी (अंडाशयाशी निगडित हार्मोनचा बिघाड) असेल तर नवे केस येत राहतात. पाळी अनियमित असेल तर आधी ती तपासणी करून घ्यावी.

बैठकीआधी महिनाभर थ्रेडिंग, वॅक्सिंग बंद, कारण मूळ जागेवर हवं. केस आदल्या दिवशी ब्लेडने काढतात. यावर घरोघरी आज्जी अडून बसते, 'ब्लेड लावलं की दाट येतात.' तसं होत नाही. टोक बोथट कापलं जातं म्हणून हाताला राठ लागतं, एवढंच. झोताचा चटका फोडणीचा थेंब उडावा तसा, सोबत जळक्या केसांचा वास. नंतर तास-दोन तास लाली. मराठवाड्याचं एप्रिल-मेचं ऊन मात्र टाळायलाच हवं. रापलेल्या त्वचेवर लेझर करू नये. सोयाबीन काढायला शेतात जाऊन आली असेल, तर तारीख पुढे ढकलावी.

भाची शेवटी त्वचारोगतज्ज्ञांकडे गेली. डॉक्टरांनी कानाजवळ बोटाच्या पेराएवढ्या जागेवर झोत देऊन पाहिला, आणि डाग पडतो का ते बघून पंधरा दिवसांनी ये, म्हणाले.