ई20 च्या टाकीत इथेनॉल असतं, विमानाच्या टाकीत नसतं

लातूर-धाराशिवच्या पट्ट्यात इथेनॉल म्हणजे काय हे कुणाला शिकवायला नको. मळी, आसवनी, टँकर, तेल कंपन्यांचा दर, सगळं तोंडपाठ. ई20 पेट्रोलही आता रोजचंच: शंभर लिटरमागे वीस लिटर इथेनॉल, अ‍ॅव्हरेज जरा पडतं, मेकॅनिक कुरकुरतो. हे पुरे.

घोळ पुढं आहे. "आता विमानातही इथेनॉल घालणार!" हे वाक्य साखर कारखान्यातल्या गव्हाणीच्या पूजेपासून बातम्यांच्या मथळ्यांपर्यंत इतक्या वेळा कानावर पडतं की वीट आलाय. वर उसाच्या फडातून उडणाऱ्या विमानाचं चित्र असतंच. अहो, नाही घालणार. चिकलठाणा विमानतळावरून उडणाऱ्या जेट विमानात आज इथेनॉल नाही, आणि उद्या सॅफ, म्हणजे शाश्वत विमान इंधन, आलं तरी त्यात इथेनॉल नसेल.

पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळतात, ते इथेनॉलच राहतं. सॅफ करताना ते मोडतात. दुधात पाणी घालणं आणि दुधाचं तूप कढवणं यांत जेवढा फरक, तेवढाच हा. आधी इथेनॉलच्या रेणूतून पाणी काढून टाकायचं, की इथिलीन वायू मिळतो. त्याचे छोटे रेणू एकमेकांना जोडून लांब साखळ्या करायच्या, त्यांना हायड्रोजन द्यायचा आणि रॉकेलच्या जातीचा भाग वेगळा काढायचा. एटीएफ, म्हणजे आजचं जेट विमानांचं इंधन, म्हणजे तरी काय, कडक निकषांत बसवलेलं रॉकेलच.

46 किलो इथेनॉल घेतलं तर त्यातून 18 किलो पाणी जातं आणि फार तर 28 किलो इथिलीन हाती येतं. "म्हणजे निम्मा माल वाया?" असं लगेच विचारतात. वाया नाही. जातं ते मुख्यतः ऑक्सिजनचं वजन, आणि ऑक्सिजन काही जळून उष्णता देत नाही. एक किलो इथेनॉलमध्ये साधारण 27 मेगाज्यूल ऊर्जा असते, एटीएफमध्ये 43. गाडीला हा तोटा चालून जातो, पंपावर थोडं लवकर थांबलं की झालं. विमानाला वाटेत पंप नाही, आणि जादा इंधन भरलं तर ते वाहून नेण्यासाठी आणखी इंधन जळतं. विमानांचं नवं लीप इंजिन जुन्या सीएफएम56 इंजिनापेक्षा सुमारे 15 टक्के कमी इंधन पितं, तेवढ्यासाठी कंपन्या नवी विमानं घेतात. मग टाकीत निरुपयोगी ऑक्सिजन भरून ती कमाई कोण घालवेल? ते ओझं जमिनीवरच उतरवलेलं बरं.

दुसरं कारण आगीचं. इथेनॉलची वाफ 13 अंशांच्या आसपासच पेट घेऊ शकते. विमान इंधनाला किमान 38 अंशांची अट आहे. तिसरं पाण्याचं. "इथेनॉल वर गोठतं" असं सांगणारे भेटतात, ते साफ चूक. ते उणे 114 अंशांपर्यंत गोठत नाही. पण ते हवेतलं पाणी ओढून घेतं, आणि तसं मिश्रण थंडीत फाटून पाण्याचा थर वेगळा पडू शकतो. उंचावर हे परवडत नाही.

कुणीतरी ब्राझीलचं इपानेमा पुढं करेलच. खरंय, ते इथेनॉलवर उडतं, आणि 2004 मध्ये त्याला रीतसर मान्यताही मिळाली. पण ते पिस्टन इंजिनाचं फवारणीचं छोटं विमान आहे. जेटची गोष्ट वेगळी.

टक्केवारीचा गोंधळ किरकोळ आहे. सॅफ एटीएफमध्ये 50 टक्क्यांपर्यंत मिसळता येतं, पण ते 50 टक्के इथेनॉल नव्हे. भारताचं उद्दिष्ट तूर्त आंतरराष्ट्रीय उड्डाणांपुरतं आहे: 2027 ला 1 टक्का, 2028 ला 2, 2030 ला 5.

कार्बनबद्दल मात्र ठणकावून सांगतो: सॅफनं इंधन वाचत नाही. एक किलो एटीएफ जळलं की 3.16 किलो कार्बन डायऑक्साइड निघतो, सॅफ जळलं तरी जवळपास तेवढाच. बचत इंजिनात नसून शेतात आहे, कारण हा कार्बन पिकानं नुकताच हवेतून घेतलेला असतो. म्हणून पीक कोणतं, खत किती, बॉयलरमध्ये बगॅस (उसाचा चोथा) की कोळसा, यावर सगळा हिशेब फिरतो. पिकासाठी जमिनीचा वापर बदलल्यानं सुटणारा कार्बनही धरला तर अमेरिकी मक्याच्या इथेनॉलपासूनचं विमान इंधन खनिज इंधनाच्या आसपासच येतं. सिल्लोड-कन्नडच्या मका उत्पादकांना स्वप्नं विकणाऱ्यांनी हा आकडा आधी बघावा.

माझं मत विचाराल तर मळीचं, म्हणजे साखर काढून उरलेल्या पाकाचं, इथेनॉल चालेल. रसाचं, आणि त्यासाठी वाढवलेल्या उसाचं, नको. उसाला पाणी फार लागतं, आणि 2016 मध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणून लातूरनं तहान भागवली. ग्रॅममध्ये मोजलेल्या कार्बनच्या आकड्यात ते पाणी कुठंच दिसत नाही.

तेव्हा कारखान्याच्या वार्षिक सभेत पुन्हा 'विमानाला इथेनॉल'ची घोषणा झाली, तर हात वर करून एवढंच विचारा: इथेनॉलचं विमान इंधन करणारा प्रकल्प कुठं आहे, आणि त्याला मळी देणार की रस?