भर उन्हात सायकलवर दम का लागतो?

मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ च्या आसपास जातो हे आपल्याला काही नवीन नाही, तरी सायकलवाले निघतातच, कोणी हौसेने तर कोणी पोटापाण्यासाठी, त्याला इलाज नसतो. परत आल्यावर तक्रार ठरलेली, पाय गळाले, श्वास पुरत नव्हता, छाती भरून आली. आणि निदान पण ठरलेलं, उन्हात ऑक्सिजन कमी असतो म्हणून. हे निदान मला खटकतं, कारण त्यामुळे उपायही चुकतो.

४५ अंशाची हवा ३० अंशाच्या हवेपेक्षा जेमतेम ५ टक्के विरळ असते. तोरणमाळला वर गेलात तर त्याहून विरळ हवा मिळते आणि तिथं आपण मजेत फिरतो. एरंडोल रोडवर आमच्यातल्या एकाला अशीच जोरात धाप लागली होती, कोरोनात घेतलेला ऑक्सिमीटर बॅगेत होता, तो बोटाला लावला तर ऑक्सिजन ९८ आणि नाडी १७० च्या वर. सगळी भानगड त्या नाडीत आहे.

सायकल मारताना स्नायू जेवढी ऊर्जा जाळतात त्यातली पाव हिस्सासुद्धा जेमतेम पॅडलला लागते, बाकी सगळी उष्णता. म्हणजे पॅडलवर १०० वॅट लावणाऱ्याच्या अंगात साधारण ३५० वॅट उष्णता तयार होत राहते. ती बाहेर गेलीच नाही तर ६० किलोच्या माणसाचं तापमान १० मिनिटांत १ अंशाने चढेल. थंडीत ही उष्णता हवेला देऊन टाकता येते, पण आपल्या कातडीचं तापमान असतं ३५ च्या आसपास, त्यामुळे ४५ अंशाची हवा आपल्याकडून उष्णता घेत नाही, उलट देते. वरून ऊन, खालून डांबर. मग उरतो एकच मार्ग, घाम. १ लिटर घाम वाळला की सुमारे २४०० किलोज्यूल उष्णता घेऊन जातो, आणि अशा उन्हात तासाला लिटरभर घाम सहज लागतो.

पण घाम यायला कातडीकडे रक्त पाठवावं लागतं. एरवी कातडीला मिनिटाला अर्धा लिटरसुद्धा रक्त लागत नाही, कडक उष्म्यात ते कित्येक लिटरवर जातं. मांड्यांना पण रक्त पाहिजे, कातडीला पण पाहिजे, आणि घामामुळे रक्तातलं पाणी कमी होत चाललेलं, त्यामुळे हृदयाच्या एका ठोक्यात कमी रक्त बाहेर पडतं आणि ते भरून काढायला ठोके वाढतात. वेग तोच, रस्ता तोच, पण नाडी चढतच जाते. पाय गळतात ते इथं.

आता श्वास. अंगातलं तापमान साधारण ३८ च्या पुढे सरकलं की मेंदू श्वास आपोआप वाढवतो, गरजेपेक्षा जास्त. त्यात कार्बन डायऑक्साइड प्रमाणाबाहेर बाहेर टाकला जातो, तो कमी झाला की मेंदूच्या रक्तवाहिन्या आकसतात, भोवळ येते, ओठ आणि बोटं मुंग्या आल्यासारखी होतात. माणसाला वाटतं हवा कमी पडतेय म्हणून तो अजून जोरात ओढतो आणि त्रास वाढतो. उपाय म्हणजे सावलीत थांबून अंग गार करणं, मोठमोठे श्वास घेत राहणं नव्हे. दम्याचा माणूस मात्र वेगळा. कोरडी हवा तोंडाने भराभर ओढली की श्वासनलिका सुकते आणि आकसते, त्यात धूळ, आणि दुपारच्या उन्हात वाहनांच्या धुरापासून जमिनीलगत तयार होणारा ओझोन. शिट्टीसारखा आवाज येत असेल किंवा छातीत दुखत असेल तर डॉक्टरच.

खान्देशच्या उन्हाचा दगा असा की ते कोरडं असतं, माठातलं पाणी मे मध्ये जसं गारेगार होतं तसाच आपला घाम पण भराभर वाळतो, अंग ओलं दिसतच नाही आणि वाटतं आपल्याला घाम आला नाही. टी-शर्टच्या पाठीवर मिठाच्या पांढऱ्या रेघा बघा, किती गेलं ते कळेल. थांबलं की वारा बंद होतो आणि मग एकदम धारा लागतात. जूनमध्ये पारा ३८ वर येतो म्हणून लोक निर्धास्त होतात, पण दमट हवेत घाम वाळत नाही, तेव्हा तर जास्त जपायला पाहिजे.

थांबताना एकदम थांबून उभं राहू नका. पाय फिरत असतात तोवर पोटऱ्यांचे स्नायू रक्त वर ढकलतात, ते बंद झालं की रक्त पायात साचतं आणि माणूस तिथंच कोसळतो. हळूहळू वेग कमी करा, मग निंबाच्या सावलीत आडवं होऊन पाय थोडे वर.

आणि सोबतचा माणूस असंबद्ध बोलायला लागला, झोकांड्या खाऊ लागला तर तो उष्माघात समजा, घाम येत असला तरीही. घाम थांबेपर्यंत वाट बघू नका. १०८ ला फोन करा आणि गाडी येईपर्यंत त्याला गार करा, शेतात मोटार चालू असेल तर सरळ पाण्याच्या धारेखाली, नाहीतर हौदात, तोंड पाण्याबाहेर धरून. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी ओतू नका. तापाची गोळी इथं काही कामाची नाही, कारण हा ताप नाही.

पिण्याचं म्हणाल तर नुसतं साधं पाणी लिटरच्या लिटर ढोसणं पण धोक्याचं, रक्तातलं सोडियम उतरतं. मीठ घातलेलं ताक, कैरीचं पन्हं, लांबच्या राइडला ओआरएस, पाकिटावर लिहिलंय बरोबर तेवढ्याच पाण्यात.

पुण्या-मुंबईहून लग्नाला आलेल्या भावांना पहिल्याच दिवशी दुपारी सोबत नेऊ नका. उन्हाची सवय व्हायला १० ते १४ दिवस लागतात, रोज थोडं थोडं केलं तर रक्तातलं पाणी वाढतं, घाम लवकर सुटतो आणि त्यात मीठ कमी जातं. आणि उन्हात जाणं बंद केलं की काही आठवड्यांत ही सवय उतरते, म्हणून गेल्या उन्हाळ्यात जमलं होतं यावर यंदा विसंबू नका.