शेवटी ‘फॉर’? खुशाल ठेवा
जळगावात इंग्रजीचा क्लास घेताना दरवर्षी कुणीतरी ‘द की आय वॉज लुकिंग फॉर’ लिहितं आणि शेजारचा ते खोडतो. वाक्याच्या शेवटी ‘फॉर’सारखं प्रिपोझिशन चालत नाही म्हणे! चालतं हो. १६७२ मध्ये इंग्रज कवी ड्रायडनने नाटककार बेन जॉन्सनच्या अशा वाक्यांवर नाक मुरडलं आणि पुढे व्याकरणवाल्यांनी तीच री ओढली. ‘फॉर विच आय वॉज लुकिंग’सुद्धा बरोबर आहे, फक्त कोट-टाय घातलेलं. पण ‘लुक आफ्टर’ म्हणजे सांभाळणं. ही जोडी फोडून ‘द गोट आफ्टर विच आय लुक’ म्हणालात तर मळ्यातली शेळीसुद्धा दचकेल. ‘द गोट आय लुक आफ्टर’ म्हणा. ‘विच’च्या जागी ‘दॅट’ वापरलंत, तर त्याच्या आधी प्रिपोझिशन येतच नाही. आपल्याला खटकतं, कारण मराठीतला ‘साठी’ ‘जिच्यासाठी’मध्ये शब्दाला घट्ट चिकटून बसतो.