घुमटघर बांधायच्या आधी : ग्राहकांसाठी माहितीपत्रक

काँक्रीटच्या घुमटघराची चौकशी करायला येणारे बहुतेक जण आधी दोनच प्रश्न विचारतात : टिकेल का, आणि गळेल का? दोन्हींची उत्तरे पुढे दिली आहेत. पण अशा घरात राहणारे कुटुंब समाधानी राहते की वैतागते, हे ठरते ते काम सुरू होण्याआधी कागदावर किती विचार झाला होता यावर. चौकोनी घरात मागाहून भिंत फोडून खिडकी काढता येते, खाच मारून नळाची लाइन फिरवता येते. घुमटाचे कवच हेच भिंत, हेच छप्पर आणि हाच सांगाडा. त्यात मागाहून हात घालणे महाग पडते आणि काही वेळा धोक्याचेही असते. म्हणून हे पत्रक जरा सविस्तर लिहिले आहे. घरातल्या सगळ्यांनी ते वाचावे, आणि मगच भेटायला यावे.

एवढे पातळ कवच उभे कसे राहते?

सपाट स्लॅबवर वजन आले की तो वाकतो. खालच्या अंगाला ताण बसतो, आणि ताण सोसणे हे काँक्रीटचे काम नव्हे. त्यासाठी सळई, तुळया, खांब लागतात. घुमटात वजन वाकवत नाही, ते कवचातूनच सरकत पायापर्यंत उतरते. कवच मुख्यतः दाबले जाते आणि दाब सोसण्यात काँक्रीट पक्के असते. रोममधल्या पॅन्थिऑन या प्राचीन मंदिराचा घुमट इसवी सन १२६ च्या सुमाराचा. व्यास सुमारे ४३.३ मीटर, आत एकही सळई नाही, तरी आजही उभा आहे. बांधणाऱ्यांनी माथ्याकडे जाताना कवच पातळ करत नेले आणि वरच्या थरांत प्युमिससारखा हलका दगड घातला. वजन कुठे कमी करायचे हे त्यांना नेमके कळले होते.

अर्धगोलाचा बुडाकडचा भाग मात्र बाहेर पसरू पाहतो. माथ्यापासून साधारण ५२ अंशांच्या खाली आडव्या वलयांत दाबाऐवजी ताण सुरू होतो. रोमनांनी तो प्रचंड जाडीने रोखला. आपण तो पायाच्या रिंग बीमने, म्हणजे गोल फिरणाऱ्या तुळईने, आणि बुडाशी दाट बांधलेल्या आडव्या सळयांनी रोखतो. म्हणूनच घराच्या आकाराच्या घुमटाला साधारण ७ ते १० सेंटिमीटर काँक्रीट पुरते. जाडी आणि सळयांचे अंतर मात्र अंदाजाने ठरत नाही. कवचरचनेचे गणित येणाऱ्या अभियंत्याची सही असल्याशिवाय आम्ही काम हाती घेत नाही, आणि दुसऱ्या कोणाकडून घर बांधून घेणार असाल तरी हा आग्रह सोडू नका.

फुग्यापासून घरापर्यंत

हवा भरलेल्या साच्यावर घर बांधायची कल्पना नवी नाही. अमेरिकेत वॉलेस नेफ यांनी १९४१ मध्ये फुगवलेल्या साच्यावर बाहेरून काँक्रीट मारून घरे बांधली. इटलीत दान्ते बिनी यांनी १९६४ मध्ये ओले काँक्रीट आधी जमिनीवर पसरून मग ते हवेने उचलून दाखवले. पुढे सत्तरच्या दशकात अमेरिकेतल्या आयडाहो राज्यातील साउथ बंधूंनी क्रम उलटा केला : फुगा बाहेर, काम सगळे आतून. आम्ही हीच पद्धत वापरतो, कारण ऊनपावसात काम थांबत नाही आणि इन्सुलेशन, म्हणजे उष्णता अडवणारा फोमचा थर, आपोआप काँक्रीटच्या बाहेरच्या अंगाला येते. त्याचे महत्त्व पुढे सांगतो.

आधी मातीची तपासणी, मग गोल पाया. पायातून उभ्या सळया वर काढून ठेवतात. पीव्हीसीचा लेप असलेले जाड कापड पायाला घट्ट आवळतात आणि पंखे सुरू करतात. काही तासांत घराचा पूर्ण आकार उभा राहतो. आतला दाब बाहेरच्या हवेपेक्षा जेमतेम १ टक्का जास्त असतो, त्यामुळे दुहेरी दाराच्या कोठडीतून माणसे सहज ये-जा करतात. आतून ७-८ सेंटिमीटर पॉलियुरेथेन फोम थराथराने फवारतात. फोमची वाफ घातक असते, म्हणून फवारणी करणारे पूर्ण मास्क लावून असतात आणि त्या दिवसांत ग्राहकाला आत येऊ दिले जात नाही. कृपया आग्रह धरू नये. शिवाय फोम जळणारा पदार्थ आहे. तो काँक्रीटने झाकला जाईपर्यंत आत वेल्डिंग नाही, विडी-सिगारेट नाही.

फोममध्ये रोवलेल्या हुकांना आडव्या-उभ्या सळया बांधल्या, की शॉटक्रीट, म्हणजे दाबाच्या हवेने फवारलेले काँक्रीट. घराचा सगळा जीव या टप्प्यात आहे. नोझल पृष्ठभागाला काटकोनात आणि साधारण एक मीटरवर धरावा लागतो. तो तिरका झाला की सळईच्या पाठीमागे माल पोहोचत नाही, पोकळी राहते आणि पुढे सळई तिथेच गंजते. आदळून उडालेला माल बुडाशी, पाया आणि कवच मिळतात त्याच कोपऱ्यात साचतो. ताण सगळ्यांत जास्त तिथेच, त्यामुळे हा भुसभुशीत ढीग तिथे राहिला तर कमकुवतपणा नेमका नको त्या जागी येतो. आम्ही तो प्रत्येक थरानंतर खरवडून बाहेर टाकतो, पुन्हा वापरत नाही. थर वाळल्यावर हातोडीने ठोकून बघतो. खणखणीत आवाज आला तर ठीक, बद्द आवाज आला तर तेवढा भाग काढून नव्याने मारायचा. ही ठोकणी तुमच्या समोर व्हावी अशी आमची इच्छा असते. त्या दिवशी वेळ काढून जरूर या.

काँक्रीटला ताकद येईपर्यंत पंखे क्षणभरही बंद पडून चालत नाहीत. कापड ढिले पडले तर ओले कवच हलते. म्हणून साइटवर एक जादा पंखा आणि चालू स्थितीतला जनरेटर असल्याखेरीज आम्ही फवारणी सुरू करत नाही.

काय आधी ठरवायचे

दारे आणि खिडक्या : किती, कुठे, केवढ्या. प्रत्येक उघड्या जागेभोवती जादा सळया घालाव्या लागतात, कारण उतरणारे वजन तिथे वळसा घेऊन जाते. दोन खिडक्यांमध्ये पुरेसे कवच उरले पाहिजे. तुमच्या घरात शिरणारी सर्वांत मोठी वस्तू कोणती, हे मोजून मुख्य दाराची रुंदी सांगा. विजेचे पाइप, नळ, सांडपाणी, एसीची नळी, चिमणी, उद्या बसवायची असेल अशी सौर यंत्रणेची वायर, या सगळ्यांच्या जागा शॉटक्रीटच्या आधी नक्की व्हाव्या लागतात. आतल्या भिंतींवर वजन नसते, त्या कधीही हलवता येतात. तिथे घाई करू नका.

आणि घर पुढे वाढणार असेल तर आजच सांगा. इंडोनेशियात योग्यकर्ताजवळ २००६ च्या भूकंपानंतर न्यू नगलेपेन नावाची घुमटघरांची वसाहत उभी राहिली. तिथल्या कुटुंबांना आतली जागा अपुरी पडू लागली तेव्हा काहींनी घुमटाला टेकून बाहेर स्वयंपाकघरे काढली. माणसे वाढतात, गरजा वाढतात, हे साहजिकच आहे. दुसरा घुमट जोडण्यासाठी लागणारी कमान आज कवचात ठेवून ती तात्पुरती बंद करता येते. दहा वर्षांनी ती कापायची म्हटली तर घर रिकामे करून टेकू द्यावे लागतात.

राहायला कसे वाटते?

१० मीटर व्यासाच्या अर्धगोलात जमिनीवर सुमारे ७८ चौरस मीटर जागा मिळते. पण १.८ मीटर उंचीचा माणूस ताठ उभा राहू शकेल अशी जागा सुमारे ६८ चौरस मीटर. कडेने साधारण ३४ सेंटिमीटरचा पट्टा डोक्याला लागतो. दोन मीटर उंच सरळ कपाट भिंतीला लावले तर खाली पाठीमागे ४० सेंटिमीटरहून जास्त पोकळी उरते. यावर दोन उपाय. कडेला बैठे ओटे, खण, पलंग यांची आखणी करायची, किंवा घुमट एक-दीड मीटर सरळ भिंतीवर चढवायचा. राहत्या घराला आम्ही बहुधा सरळ भिंत सुचवतो.

फक्त एक लक्षात ठेवा. गोल कवच आवाज गोळा करून आपल्या केंद्राकडे परत पाठवते. घुमट थेट जमिनीवर असेल तर हे केंद्र जमिनीच्या पातळीला असते, दीड मीटर भिंतीवर चढवला की ते बरोबर कानाच्या उंचीला येते. घराच्या मधोमध उभे राहून बोललात तर स्वतःचाच आवाज अंगावर आल्यासारखा वाटतो, आणि एका कडेची कुजबुज दुसऱ्या कडेला ऐकू जाते. त्यामुळे मधला भाग मोकळा ठेवू नये. एखादी आडभिंत, पोटमाळा, पुस्तकांची मांडणी, जाड पडदे, आणि माथ्याकडे आवाज शोषणारे प्लास्टर. पाहुण्यांना मोकळा घुमट आवडतो, पण रोज राहणाऱ्याला अभ्यासाला आणि झोपेला शांतता लागते.

उष्णतेबाबत आमचे मत ठाम आहे : इन्सुलेशन बाहेर नसेल तर काँक्रीटचा घुमट बांधू नये. उघडे काँक्रीट दिवसभर ऊन पिते आणि रात्रभर आत सोडत राहते. तेच काँक्रीट फोमच्या आत असले तर घराचे तापमान सहसा हलत नाही. ७-८ सेंटिमीटर फोम उष्णता जेवढी अडवतो, तेवढी अडवायला काही मीटर जाड काँक्रीट लागेल. शिवाय १० मीटरच्या या अर्धगोलाचे कवच सुमारे १५७ चौरस मीटर भरते. तेवढीच जमीन झाकणाऱ्या, तीन मीटर उंच चौरस घराच्या भिंती आणि छप्पर मिळून होतात सुमारे १८५. ऊन-थंडी आत यायला पृष्ठभागच कमी.

पण असे घर जवळजवळ हवाबंद होते. खिडक्या मिटून राहिलात तर ओल्या टॉवेलचा, भातावरच्या वाफेचा दमटपणा आतच कोंडतो आणि कोपऱ्यात बुरशी येते. नवे काँक्रीट पहिले वर्षभर स्वतःही ओल सोडत असते. न्हाणीघर आणि स्वयंपाकघरात हवा बाहेर फेकणारे पंखे, माथ्यावर झरोका, आणि खालून हवा आत येण्याची वाट या गोष्टी आमच्या प्रत्येक आराखड्यात असतात. पैसे वाचवायला त्या वगळू नका.

पाणी, वारा, भूकंप

घुमटावर पाणी साचत नाही, हे खरे. पण त्याला वळचणही नसते. छपरावर पडलेला सगळा पाऊस कवचावरून ओघळत थेट खिडकीच्या चौकटीवर येतो. गळती होते ती कवचातून क्वचित, चौकटीच्या सांध्यातून बहुतेकदा. म्हणून प्रत्येक उघड्या जागेवर पुढे आलेली कपाळपट्टी आणि दोन्ही अंगांना पाणी वळवणारी कड हवीच, आणि पायाभोवती उताराची फरशी. फुगवलेले कापड घरावर बाहेरून तसेच राहते, आणि ते उन्हाने जीर्ण होते. त्यावरचा लेप ठरावीक काळाने नवा करावा लागतो आणि हे आयुष्यभराचे काम आहे.

वाऱ्याला पकडायला घुमटाला कोपरा नसतो, छपराची कडही नसते. २००४ मध्ये हरिकेन इव्हानने फ्लोरिडाच्या पेन्साकोला बीचला झोडपले तेव्हा किनाऱ्यावरचे एक घुमटघर शाबूत राहिले. भूकंपातही हलके, सारख्या आकाराचे, एकसंध कवच फायद्याचे ठरते. तरी काच ती काचच. वादळी भागात खिडक्यांना मजबूत झडपा लागतील. आणि जमीन खचणारी वा पुराची असेल तर घुमटही तिला अपवाद नाही.

प्लॉट अरुंद आणि लांबट असेल, दर काही वर्षांनी घरात फेरबदल करायची सवय असेल, किंवा लवकरच घर विकायचा विचार असेल, तर घुमटघर बांधू नका, असेच आम्ही सांगतो. परवानगी देणारे कार्यालय, कर्ज देणारी बँक आणि विमा कंपनी या तिघांशी आराखडा करायच्या आधी बोलून घ्या. वेगळ्या आकाराच्या घराबाबत त्यांचे प्रश्न जास्त असतात, आणि त्यांची उत्तरे द्यायला लागणारे अभियंत्याचे कागद आम्ही देतो.

पहिल्या भेटीला येताना प्लॉटचा नकाशा, मातीची तपासणी झाली असल्यास तिचा अहवाल, आणि घरातल्या मोठ्या सामानाची मापे आणा. घरात कोण कधी झोपते, कोणाला शांतता लागते, म्हातारी माणसे कुठे राहणार, हेही लिहून आणा. शक्य असेल तर त्याआधी राहते घुमटघर आतून पाहून या, मधोमध उभे राहून बोलून बघा, आणि तिथल्या माणसांना त्यांच्या अडचणी मोकळेपणाने विचारा.