तडकलेला सेंटर कन्सोल: एबीएसचा की पॉलिप्रॉपिलीनचा?

पंधरा-वीस वर्षे वापरलेल्या गाडीतला सेंटर कन्सोल, म्हणजे पुढच्या दोन सीटांच्या मधला, गिअरचा दांडा आणि हँडब्रेक यांना वेढणारा प्लास्टिकचा भाग, तडकला की मालक दुकानदाराला एकच प्रश्न विचारतो: याला कोणता गोंद लावू? प्लास्टिक कोणते आहे हे कळल्याशिवाय या प्रश्नाला उत्तर देता येत नाही, कारण कन्सोल बहुधा दोन अगदी वेगळ्या प्लास्टिकांपैकी एकाचा असतो. एक एबीएस, जे अ‍ॅक्रिलोनायट्राइल, ब्युटाडाइन आणि स्टायरीन या तीन घटकांपासून बनते. दुसरे पॉलिप्रॉपिलीन, ज्याला बाजारात सगळे पीपीच म्हणतात. दोन्ही काळी किंवा राखाडी असतात, दोन्हींवर चामड्यासारखा तोच बारीक दाणा उठवलेला असतो आणि बोट फिरवून फरक कळत नाही. दुरुस्तीला बसल्यावर मात्र ती एकमेकांच्या उलट वागतात. एबीएस ज्या द्रवाने कायमचे जुळते त्याचा पीपीवर काडीचाही परिणाम होत नाही, आणि पीपीच्या वेल्डिंगची कांडी एबीएसला धरत नाही. शिवाय एकाच कन्सोलचा सांगाडा पीपीचा आणि गिअरभोवतीची चकचकीत पट्टी एबीएसची, असेही असू शकते; म्हणून एका तुकड्यावरून सगळ्या कन्सोलचा निष्कर्ष काढू नये.

हा फरक रेणूंच्या रचनेतून येतो. एबीएसमधल्या लांब साखळ्या कोणत्याही क्रमाशिवाय एकमेकींत गुंतलेल्या असतात आणि अ‍ॅसिटोनसारखे द्रावक, म्हणजे प्लास्टिक विरघळवणारा द्रव, त्यांच्यामध्ये सहज शिरते. साखळ्या सैल झाल्या की तडीच्या दोन्ही कडांवरच्या साखळ्या एकमेकींत मिसळतात, आणि द्रावक उडून गेल्यावर त्या तशाच गुंतलेल्या अवस्थेत घट्ट होतात. अशा सांध्यात मध्ये गोंदाचा वेगळा थर राहत नाही. सांधा म्हणजे तेच प्लास्टिक असते. पीपीच्या साखळ्यांचा बराच भाग स्फटिकांप्रमाणे शिस्तीत रचलेला असतो आणि त्याचा पृष्ठभाग मेणासारखा, कोणालाही जवळ न करणारा असतो. हार्डवेअरच्या दुकानात मिळणारे कोणतेही द्रावक नेहमीच्या तापमानाला त्याला विरघळवू शकत नाही, आणि बहुतेक गोंद त्यावर नीट पसरतही नाहीत. पीपी सुमारे १६० ते १६५ अंश सेल्सिअसला वितळते, आणि वितळवून जोडणे हाच त्याचा भरवशाचा मार्ग आहे.

नागपूरच्या उन्हाचा या दोघांवर होणारा परिणामही सारखा नाही. मे महिन्यात, विशेषतः नवतपाच्या दिवसांत, बाहेर ४५ अंश असताना उघड्यावर काचा लावून उभ्या केलेल्या गाडीत आतली हवा ६० अंशांच्या पुढे जाते, आणि ज्या प्लास्टिकवर थेट ऊन पडते ते त्याहूनही तापते. एबीएस सुमारे १०० अंशांच्या आसपास मऊ पडू लागते, त्यामुळे या उष्णतेत ते वितळत नाही. पण त्यातला ब्युटाडाइनचा रबरी अंश, ज्याच्यामुळे त्याला चिवटपणा येतो, तोच अतिनील किरणांनी आधी खराब होतो. म्हणून जुन्या एबीएसचा कन्सोल एखाद्या दिवशी स्क्रू जरा जास्त पिळला की स्क्रूच्या भोकापासून कडकन तडकतो. त्यातच डॅशबोर्डवर ठेवलेल्या अत्तराच्या बाटलीतून थेंब सांडला, तर त्यातल्या द्रावकाने एबीएसवर खोलगट, चकाकणारा डाग पडू शकतो आणि पुढे तिथूनच बारीक तडा सुटतो. पीपी अशा रसायनांना फारसे बधत नाही. ते सहसा एकदम तडकत नाही. आधी वाकते, वाकलेल्या जागी पांढरी रेघ उमटते आणि मग तिथेच फाटते. उन्हाने तेही पिठूळ आणि ठिसूळ होतेच, पण त्याच्या तुटण्याची तऱ्हा वेगळी असते.

ओळख पटवण्याचा सर्वांत खात्रीचा मार्ग कन्सोल उलटा करण्याचा आहे. गाड्यांच्या प्लास्टिकच्या भागांवर आतल्या बाजूने, दोन कोनांच्या (> <) चिन्हांमध्ये, रोमन अक्षरांत पदार्थाचे नाव उठवण्याची पद्धत आहे. तिथे नुसते एबीएस किंवा पीपी असू शकते. पीपी-टीडी२० असे असेल, तर त्या पीपीत वजनाने २० टक्के टाल्क या मऊ खनिजाची पूड मिसळलेली आहे. पीसी अधिक एबीएस असे असेल, तर ते पॉलिकार्बोनेट आणि एबीएस यांचे मिश्रण आहे. ज्या भागावर अशी खूण आहे, त्याच्यावर पुढचे कोणतेही प्रयोग करण्याची गरज नाही. फार जुन्या गाड्यांत, किंवा बाहेरून बनवून बसवलेल्या कन्सोलवर, ही खूण नसते आणि खरा घोळ तिथे होतो.

अशा वेळी अनेकजण पाण्याची चाचणी सुचवतात. पाण्याची घनता १ धरली तर पीपीची ०.९ च्या आसपास असल्याने ते तरंगते, आणि एबीएसची सुमारे १.०५ असल्याने ते बुडते, हे खरे आहे. पण टाल्क मिसळलेल्या पीपीची घनताही १ च्या वर जाते आणि तेही तळाला बसते. म्हणजे तुकडा तरंगला तर तो एबीएस नाही, हे निश्चित. तो बुडाला, तर काहीच सिद्ध होत नाही. माझ्या मते एबीएस समजून पीपीवर दुरुस्ती करण्याचे प्रकार याच अर्धवट चाचणीमुळे सर्वाधिक होतात. ती करायचीच असेल, तर पाण्यात साबणाचा थेंब टाकावा, म्हणजे तुकड्याला चिकटलेले हवेचे बुडबुडे त्याला फसवून तरंगवणार नाहीत.

याहून चांगली चाचणी अ‍ॅसिटोनची. कन्सोलच्या आतल्या, रंग न दिलेल्या कोपऱ्यावर कापसाच्या काडीने एक थेंब लावून अर्धा मिनिट घासावे. एबीएस असेल तर पृष्ठभाग चिकट होतो, कापसाचे तंतू त्याला धरून बसतात आणि काडीवर काळा रंग उतरतो. पीपी असेल तर अ‍ॅसिटोन उडून जातो आणि जागा होती तशीच राहते. ही चाचणी दर्शनी बाजूवर कधीही करू नये, एक तर कायमचा डाग पडेल म्हणून, आणि दुसरे म्हणजे तिथे रंग दिलेला असेल तर रंगच विरघळून पीपीलाही एबीएस ठरवेल. नखांचा रंग काढण्याचा द्रव घरात असेल तर त्याचे लेबल आधी वाचावे, कारण अ‍ॅसिटोन नसलेले असे द्रवही सर्रास मिळतात. आतल्या कडेचा काप धारदार पात्याने काढून पाहणेही उपयोगी पडते: पीपीचा काप मेणासारखा मऊ आणि लांब निघतो, एबीएसचा कडक आणि तुटका निघतो. जाळून वास घेण्याची जुनी पद्धत मी सुचवणार नाही. जळत्या पीपीला मेणबत्तीसारखा वास येतो आणि एबीएस काळी काजळी सोडत उग्र वासाने जळते, हे खरे असले तरी तो धूर छातीत घेण्याइतके काम अडलेले नसते.

एबीएस निघाले तर काम घरी करता येते. त्याच प्लास्टिकचा कीस, शक्यतो त्याच कन्सोलच्या न दिसणाऱ्या कडेचा किंवा भंगारात मिळालेल्या तशाच कन्सोलचा, काचेच्या बरणीत थोड्या अ‍ॅसिटोनमध्ये टाकून झाकून ठेवला की काही तासांत त्याची लुगदी तयार होते. ती मधासारखी दाट हवी. पातळ असेल तर तडीतून वाहून दर्शनी बाजूवर ओघळते. तडीच्या दोन्ही टोकांना दोन-तीन मिलिमीटरचे भोक पाडावे, म्हणजे ताण एका बिंदूवर साचणार नाही आणि तडा पुढे सरकणार नाही. आतल्या बाजूने तडीवर इंग्रजी व्ही अक्षरासारखी खाच करून तीत लुगदी भरावी आणि वरून एबीएसचीच पातळ पट्टी किंवा काचेच्या तंतूंचे कापड त्याच लुगदीत बुडवून आडवे चिकटवावे. पट्टीशिवायचा सांधा गिअरभोवतीच्या हिसक्यांत फार काळ टिकत नाही. पृष्ठभाग हाताला लवकर कोरडा वाटतो, पण आतला अ‍ॅसिटोन निघायला किमान एक दिवस, आणि थर जाड असेल तर त्याहून अधिक वेळ द्यावा. घाई करून घासकागद फिरवला तर जागा नंतर आत बसते. मिश्र पीसी-एबीएसवर अ‍ॅसिटोन बेताने वापरावा, कारण पॉलिकार्बोनेटवर त्याने जाळीसारख्या बारीक तडा पडतात. आणि अ‍ॅसिटोनची बाटली काम संपल्यावर गाडीत विसरू नये: तो ५६ अंशांना उकळतो, नागपूरच्या मे महिन्यात बंद गाडीतली हवा त्याहून तापते, आणि त्याची वाफ ठिणगीने पेटते.

पीपीचे काम वेगळे आहे. तडीची तयारी तशीच, टोकांना भोके आणि आतून खाच. पण खाचेत गरम हवेच्या गनने किंवा चपट्या टोकाच्या सोल्डरिंग आयर्नने पीपीचीच कांडी वितळवून भरावी लागते, आणि कांडीबरोबर दोन्ही कडाही वितळल्या पाहिजेत. कडा थंड राहिल्या तर वरून भरलेला थर नखाने सोलून निघतो. आतून स्टेनलेस स्टीलची बारीक जाळी तापवून प्लास्टिकमध्ये रुतवली की सांध्याला बळ येते. घरच्या साध्या आयर्नने पातळ भिंतीवर हे करताना दर्शनी बाजूचा दाणा वितळून चकचकीत डाग पडण्याची शक्यता बरीच असते, म्हणून पीपीचा कन्सोल मी शक्यतो बंपर वेल्डिंग करणाऱ्याकडे द्यावा असे म्हणेन. अपघातात फाटलेले बंपर गरम कांडीने जोडणारे कारागीर शहरात सहज सापडतात, आणि बंपर बहुधा रबर मिसळलेल्या पीपीचेच असल्याने त्यांचा हात याच प्लास्टिकवर बसलेला असतो. मात्र तोच कारागीर सवयीने पीपीची कांडी एबीएसच्या कन्सोलवर चालवतो, तेव्हा ती वितळून जागेवर बसलेली दिसते, पण दोन्ही प्लास्टिके एकमेकांत मिसळत नसल्याने गाडी रस्त्यावर आली की सुटते. म्हणून देताना प्लास्टिकचे नाव सांगावे आणि जमल्यास आतली खूण दाखवावी. पीपीच्या झाकणाला त्याच प्लास्टिकची पातळ घडी हेच बिजागर असेल आणि ते तुटले असेल, तर वेल्डिंगने ती लवचिकता परत येत नाही. तिथे छोटे धातूचे बिजागर आतून बसवणे अधिक शहाणपणाचे.

आता गोंदांविषयी, कारण नागपूरच्या इतवारी बाजारातल्या लोहाओळीपासून कोपऱ्यावरच्या किराणा दुकानापर्यंत तेच आधी हातात येतात. फेविक्विकच्या जातीचे झटपट गोंद एबीएसला चांगले धरतात, पण सांधा कडक आणि ठिसूळ होतो, आणि गिअरजवळचा भाग सतत थरथरत असल्याने छोट्या तुटक्या कडेपलीकडे त्यांचा उपयोग मर्यादित आहे. पीपीवर ते खास प्रायमर लावल्याशिवाय टिकत नाहीत. अ‍ॅराल्डाइटसारखा दोन नळ्यांचा इपॉक्सी आणि एम-सीलसारखी मळायची पुटी यांचेही तसेच: नीट घासलेल्या एबीएसला आतून आधार म्हणून ठीक, पीपीवरून थर अख्खाच्या अख्खा निघतो. पीपीसाठी बनवलेले दोन घटकांचे विशेष गोंद असतात, पण ते महाग पडतात. खरे नुकसान नंतर कळते, कारण तडीत शिरलेला जुना गोंद पूर्ण खरवडून काढल्याशिवाय तिथे ना लुगदी नीट मिसळते, ना वेल्डिंग धरते. आधी गोंद लावून पाहू आणि नाही जमले तर वेल्डिंग करू, हा क्रम त्यामुळे महागात पडतो.

कन्सोल काढताना बॅटरीची ऋण तार सोडावी. एअरबॅग असलेल्या गाडीत तिचे नियंत्रण यंत्र बरेचदा कन्सोलखालीच असते, म्हणून तार सोडल्यावर काही मिनिटे थांबावे आणि पिवळ्या आवरणाच्या तारांना हात लावू नये. स्क्रू रबरी मॅटखाली, अ‍ॅशट्रेमागे किंवा कपाच्या खाचेत लपलेले असतात. न दिसणारा स्क्रू राहिलेला असताना ओढल्यानेच अनेक चांगले कन्सोल तुटतात.

रंगाच्या टप्प्यावर दोन्ही प्लास्टिकांचा फरक पुन्हा समोर येतो. एबीएस बारीक घासकागदाने घासून पुसले की त्यावर प्रायमर आणि रंग सरळ बसतो, फक्त थिनर जास्त असलेला जाड हात देऊ नये. पीपीवर आधी प्लास्टिकसाठीचा अ‍ॅडहीजन प्रमोटर, म्हणजे रंगाला पकड देणारा पातळ थर, मारावा लागतो. तो वगळला तर रंग सुरुवातीला छान दिसतो आणि पहिल्याच उन्हाळ्यात, हात टेकवण्याच्या जागेपासून, पापुद्र्यांनी सुटू लागतो. जोडलेली जागा वर दिसत असेल आणि दाणा परत आणायचा असेल, तर रंगापेक्षा सीट कव्हर शिवणाऱ्याकडून त्या भागावर रेक्झिन चढवून घेणे स्वस्त पडते. पीपी असेल तर त्याला ते आधी सांगावे, कारण रेक्झिन चिकटवण्याचा नेहमीचा गोंदही पीपीच्या कडांवर सुटतो, आणि तिथे तो आतून दुमडून स्टेपलने किंवा क्लिपने पकडावा लागतो.